थालीपिठाची फितुरी

आमचं अमेरिकेतलं मराठी मंडळ जुनं. इतकं, की ते स्थापन करणारे काका आता निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत आणि सर्वांत तरुण सभासद मी, पन्नाशीतला. एके काळी गणपतीला पार फिलाडेल्फियाहून माणसं यायची. मग आयटीतली पोरं आली. त्यांनी इथेच, पिस्कॅटवेत, नवं मंडळ काढलं, ढोल-ताशा पथक काढलं, हायस्कूलचं सभागृह घेतलं. आम्ही अग्निशमन केंद्रामागच्या हॉलमध्ये उरलो, घडीच्या खुर्च्यांसकट.

काकांना इंग्रजी हेरकथांचं वेड. त्यांचं तळघर पुस्तकांनी भरलंय. त्यांच्या आग्रहाने मीही वाचू लागलो आणि मला तिथे भलतंच काही दिसलं. इंग्रजांच्या वसाहती गेल्यात, हेरखात्याच्या कचेरीत हीटर धड चालत नाही, अमेरिकन नव्या गाड्यांतून येऊन पाठीवर थाप मारून जातात. हे साहेब मात्र पडदे ओढून एकमेकांवर संशय घेत बसलेत. राज्य आक्रसतं तशी गुपितं वाढतात. घरात फितूर आहे म्हटलं, की चोरण्याजोगं काहीतरी अजून शिल्लक आहे असं मानता येतं.

हे मी काकांना कधी बोललो नाही. तळघरात बसून कसं बोलणार?

दिवाळीला आम्ही मिसळ ठरवली होती. नव्या मंडळाने आदल्याच आठवड्यात मिसळ केली. काकांनी बैठक बोलावली.

"आपल्यात फितूर आहे."

"अहो, मिसळ आहे ती. अणुबॉम्ब नाही," काकू चहा ठेवत म्हणाल्या.

फितूर मीच होतो. माझी मुलगी तिकडे ढोल वाजवते, म्हणून मी गुपचूप त्यांचाही सभासद आहे. पार्किंगमध्ये त्यांच्या जेवणाचं पाहणाऱ्या नागपूरच्या तरुणाने सहज विचारलं आणि मी सहज सांगून बसलो. बैठकीहून परतल्यावर मी मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट मिसळ."

संक्रांतीआधी काकांचा फोन आला. "फक्त तुला सांगतो. यंदा थालीपीठ."

ही युक्ती त्यांनीच दिलेल्या एका कादंबरीत होती. प्रत्येकाला वेगळी बातमी द्यायची आणि कुठली फुटते ते पाहायचं. मी तोंडाला कुलूप घातलं.

नव्या मंडळाने संक्रांतीला पिझ्झा जाहीर केला.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण काकांकडे गेलो तर ते पुस्तकं खोक्यांत भरत होते.

"काही फुटलं नाही, काका. चांगलंच झालं की."

"अरे, फुटायला आधी कुणी विचारायला तरी हवं ना," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी हॉल सोडून देऊ म्हणतो. मंडळही."

मी तडक नागपूरकराकडे गेलो.

"थालीपीठ ठेवा."

"काऊन काका? तवे कोण सांभाळणार, यार?"

"मी सांभाळतो. पण आजच जाहीर करा."

थालीपीठ फक्त मला ठाऊक होतं. म्हणजे मी स्वतःच्या नावाची दवंडी पिटत होतो. तरी फोनवर त्याचा मेसेज लिहून होईपर्यंत मी हललो नाही.

काकांचा फोन लगेच आला. "सापडला! तूच तो फितूर!" इतका तरुण आवाज मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. मागून काकू ओरडत होत्या, "अहो, बीपी!"

"हो, काका. मिसळही मीच फोडली. मला खरंच फार..."

"रडू नकोस. फितुराला हाकलायचं नसतं, उलटा फिरवायचा असतो. पुढच्या वर्षीचा हॉल मी आजच बुक करून टाकतो. शनिवारी ये, त्यांच्या कानावर काय घालायचं ते ठरवू."

"शनिवारी नाही जमणार. थालीपिठं थापायचीत."

"त्यांच्याकडे?"

"हो."



"भाजणी कुठली?"

"दुकानातली."

"काकूंकडची घेऊन जा," काका म्हणाले. "चोरताच आहात, तर नीट तरी चोरा."