चाळणीबाई आणि मिलचं लिकर

प्रयोगशाळेत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती नाकाला फडकं बांधून कोळसा कुटत आणि चाळत होती. साखरेच्या दाण्याएवढा कण हवा म्हटलं की तेवढाच, ना जाड ना बारीक. शिक्षण नववीपर्यंतचं; पण भट्टीची नळी, वाफेचा कॉक, गॅसचं मीटर हे सगळं बघून बघून तोंडपाठ झालेलं. नवरा लवकर गेला, लेक लग्न होऊन लांब राहायला गेली. घरात ती आणि थोरला भाऊ, दोघंच. दादा जवळच्या कागदमिलमध्ये पंपावर होता.

प्रयोगशाळेच्या मॅडम कोळशापासून गॅस काढायच्या मागे लागल्या होत्या. तापलेल्या कोळशावर वाफ सोडली की जळणारा गॅस निघतो, पण कोळसा सहजासहजी दाद देत नाही. त्याला घाई करायला लावेल असं काहीतरी त्यात मिसळावं लागतं, आणि तसली पावडर परवडणारी नसते. कागदमिलमध्ये कॉस्टिक सोड्यात लाकूड शिजवलं की एक काळा, चिकट रस उरतो. त्यात कोळशाला घाई लावणारा सोडा भरपूर, आणि मिल तो रस फेकूनच देत होती. मॅडमनी तो मागवला. मिलमध्ये त्याला लिकर म्हणत.

“आमच्याकडे लिकर फुकट,” दादा म्हणायचा, “फक्त पिणारा मिळत नाही.”

कॅन भरून द्यायचं आणि चिठ्ठीवर सही करायचं काम त्याच्याकडेच होतं.

लिकर लावून वाळवलेला कोळसा नळीत घातला, तर जिथे दीड तास लागायचा तिथे चाळीस मिनिटांत काम उरकलं. मॅडमनी घड्याळ हलवून कानाला लावून पाहिलं. पुढचे पाच महिने सगळं सुरळीत चाललं.

सहाव्या महिन्यात भट्टी रुसली. कोळसा तोच, कॅन तेवढा तीन महिन्यांनी आलेला नवा, आणि काटा परत दीड तासावर. तीनदा केलं, तीनदा तेच.

“बाई, मिसळताना हयगय झाली का?” मॅडमनी विचारलं.

“नाही मॅडम.”

“चाळणी बदललीत?”

“चाळणी तीच, हातही तेच.”

एकोणीस वर्षांत कुणी तिच्या हाताबद्दल असं विचारलं नव्हतं. ते तिला लागलं. तिने नळीतली राख कागदावर ओतली. एरवी ती भुसभुशीत असायची. आज तिच्यात काचेसारखे बारीक मणी होते, नखाने दाबले तरी फुटेनात.

मॅडमनी भिंगातून पाहिलं. “काच आहे ही. कुठून तरी वाळू आलीय. सगळा सोडा वाळूनेच गिळला, कोळशाला काय उरणार? पण चिठ्ठीवर तर लाकडाचं लिकर लिहिलंय, खाली सही पण आहे.”

सही दादाची होती.

संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, “मिलमध्ये अजून लाकूडच येतं ना?”

दादाचा घास हातातच राहिला. “दोन महिने झाले, पेंढा शिजवतोय.”

“पेंढ्यात वाळू असते?”

“असते की. त्याचं पातं हाताला कापतं ते कशाने? आमचे पंप झिजले त्याने.”

“मग चिठ्ठीवर लाकूड कसं?”

“छापील चिठ्ठ्या आहेत, त्याच चालवा असं वरून सांगितलंय. मी सही करणारा, ठरवणारा नव्हे.”

“बोल माझ्या हाताला लागतोय, दादा.”

“आणि मी तोंड उघडलं तर माझा पंप जाईल. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय माझं.”

तिने हात धुतला. ताटं उचलली आणि घासायला बसली.

सकाळी ती मॅडमकडे गेली. “कोळसा बाजूला ठेवा. जुन्या कॅनच्या तळाचं लिकर आणि नव्या कॅनमधलं, दोन्ही नुसतीच जाळून बघा. नव्यात मणी आले तर माझा हात मोकळा.”

जुन्याची पांढरी भुकटी उरली, नव्याचे मणी. मॅडमनी मिलला पत्र लिहिलं. मिलने उलट कळवलं की चिठ्ठी चुकीची भरली असेल तर ती पंपवाल्याची चूक.

हे कळलं तेव्हा दादा स्वतःच प्रयोगशाळेत आला. मॅडमसमोर बसायला सांगितलं तरी बसला नाही. पेंढा कधी सुरू झाला, चिठ्ठीबद्दल कोण काय म्हणालं, सगळं उभ्यानेच सांगितलं. जाता जाता दारात थांबून म्हणाला, “रसात बॉयलरचा धूर सोडला की वाळू खाली बसते. आमचा जुना फोरमन करायचा तसं.”

मॅडमनी करून पाहिलं. वरचा निवळ रस कोळशाला लावला, तर पंचावन्न मिनिटं लागली. लाकडाच्या लिकरची सर नाही, पण कामाचं होतं. मॅडमनी अहवालात ते तसंच लिहिलं.

दादाला पंपावरून काढून गोदामात टाकलं. सात आठवडे त्याने बहिणीशी अबोला धरला. ती वाढायची, तो जेवायचा. आठव्या आठवड्यात तो सुतळीने बोट कापून घेऊन आला आणि तिच्यापुढे हात धरून म्हणाला, “बांध जरा.”

तिने बांधलं. गोदामात उंदीर फार झालेत, असं तो सांगत राहिला आणि ती ऐकत राहिली.