कशावरून-ताई आणि मटाराच्या शेंगा

मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या की घसा मोकळा होतो, एवढं निरुपद्रवी वाक्यसुद्धा कशावरून-ताईंपुढे बोलायची सोय नव्हती. लगेच गोड आवाजात प्रश्न यायचा, "कशावरून?" माझा झाला होता म्हणावं, तर पुढचा प्रश्न तयार, "गुळण्या न करताही झाला असता तर?" आता यावर माणसाने काय बोलावं! जबलपुरातल्या एका दवाखान्यात त्या फिजिओथेरपीच्या प्रमुख होत्या. पेशंट त्यांना मॅडमजी म्हणत, आम्ही मराठी मंडळी पाठीमागे कशावरून-ताई. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज, आवडतही होतं.

बरं, ही सवय दवाखान्यापुरती असती तर ठीक. चहात आलं आधी टाकावं की नंतर, यावरून एकदा वाद झाला, तर बाईंनी दोन भांड्यांत दोन चहा करून आम्हा सगळ्यांना डोळे मिटायला लावून पाजले. आईने नंतरवाल्याला पसंती दिली आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडून होती, कारण जन्मभर ती आलं आधी टाकत आली होती.

आमचा संबंध आला तो बाबांमुळे. बाबा डिफेन्सच्या कारखान्यातून रिटायर झालेले, आणि गणपतीच्या पंगतीत वाढणारे. वाढणारे कसले, छळणारे! ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडतील. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला. बोलणं शाबूत राहिलं, पण पाहुणे आले की ते उठून आतल्या खोलीत जाऊन बसायला लागले. पहिल्याच भेटीत त्यांनी ताईंना विचारलं, "ताई, पुन्हा वाढता येईल का हो?" दुसऱ्या कोणी "का नाही येणार!" म्हणून वेळ मारून नेली असती. ताई म्हणाल्या, "आज सांगता नाही येत, काका. पण मेहनत मी करून घेईन." मला त्यांचा भयंकर राग आला.

त्या दिवसांत ताईंच्या डोक्यात मटार शिरला होता. हिवाळ्यात जवळच्या पनागर गावाकडून पोत्यांनी मटार येतो आणि अख्खं जबलपूर सोलत बसतं. लकव्याच्या हाताला रबरी चेंडू दाबायला देण्यापेक्षा शेंगाच सोलायला दिल्या तर? बोटं चालतील, चार माणसांत बसणं होईल, कंटाळाही यायचा नाही. कल्पना त्यांची लाडकी, पण लाडकीलाही "कशावरून?" चुकलं नाही. जे पेशंट तयार होते त्यांनी डब्यातून एक चिठ्ठी उचलायची. कुणाला चेंडू, कुणाला मटार, आणि मग कोणाचा हात जास्त सुधारतो ते पाहायचं. बाबांना निघाला चेंडू.

आई हटून बसली. "घरच्यासारखे आहोत आम्ही. एक चिठ्ठी बदलली तं काय होते?"

"वहिनी, बदलली तं कशानं काय झालं, मला कधीच समजणार नाही. आणि मटार चांगला आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मलाच माहीत नाही अजून!"

आईने समजल्यासारखी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांपुढे चेंडूही ठेवला आणि शेंगांची परातही. पुढच्या भेटीत ताईंनी बाबांचे हात हातात घेऊन पाहिले. नखं हिरवी! "काका, मटार सोलून राहिले तुम्ही?" बाबांनी आईकडे पाहिलं, आईने छताकडे. आता या बरसणार म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले. ताईंनी बाबांचं नाव त्या पाहणीतून तिथल्या तिथे काढलं, पण हात काही सोडले नाहीत. उलटेसुलटे करून बघत राहिल्या. "डाव्याची नखं हिरवी. उजव्याची काहून साफ हो?"

चांगला डावा हातच सगळं काम उरकत होता. उजवा नुसता शेंग धरून बसलेला. "अरे भैया," ताई कपाळावर हात मारून हसायला लागल्या, "माझ्या हे डोक्यातच नाही आलं!" मग मटार निघालेल्या पेशंटांच्या घरोघरी जाऊन आल्या. रिछाई काय नि सिव्हिल लाइन्स काय, जिथे तिथे हाच प्रकार. शेवटी चेंडूच बरा ठरला. लाडकी कल्पना सपशेल आपटली, आणि हे त्यांनी दवाखान्याच्या सभेत उभं राहून, मुलगी बोर्डात आल्याच्या थाटात सगळ्यांना सांगितलं. माझा राग त्या दिवशी गेला.

दुसऱ्या दिवशी ताई एक जाड लोकरी पायमोजा घेऊन घरी हजर. तो बाबांच्या चांगल्या हातावर चढवून म्हणाल्या, "चलो काका, तुमचं नाव तं कटलंच आहे, आता तुमच्यापासूनच सुरुवात. सोला उजव्यानं." बाबा रडकुंडीला आले. एक शेंग फुटेपर्यंत चहा निवून जायचा. ताईंना त्यांनी कारखान्यातल्या ठेवणीतल्या शिव्या घातल्या, ताईंनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या. हळूहळू बोटं हलली. आम्ही पेढे आणायला निघालो, तर बाई म्हणतात, "मोज्यानंच हललीत, कशावरून?" पुढच्या हिवाळ्यात परत डबा, परत चिठ्ठ्या, कुणाला चेंडू, कुणाला मोजा चढवून मटार. या खेपेला मोजावाले पुढे निघाले, आणि मगच त्यांनी आमचा पेढा खाल्ला. अशी माणसं फार नसतात हो. मला त्यांची फार आठवण येते.

रिटायर होऊन त्या नागपूरला मुलीकडे निघाल्या, तेव्हा आईने जेवायला बोलावलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि बाबा आतल्या खोलीतून खव्याच्या जिलब्यांची परात डाव्या हातावर तोलत बाहेर आले. उजव्या हाताने एक जिलबी उचलली. आईने पटकन ताईंचं ताट पुढे सरकवलं. ताईंनी ते मागे ओढलं. बाबांचा हात लांबला, मध्येच अडला, पाक सतरंजीवर टपकला, आणि जिलबी ताटात पडली.

ताईंनी ताट आणखी वीतभर मागे ओढलं आणि म्हणाल्या, "काका, अजून एक."