आठ किलोंचा घोळ

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिने एकवीस वर्षं कापड कापलं, म्हणून तिचं नाव पडलं कातरताई. कापडाचे चाळीस थर एकावर एक रचायचे, वर खडूने आखायचं आणि यंत्र असं फिरवायचं की वरची बाही आणि तळाची बाही जुळ्या बहिणी वाटाव्यात. तिथे शंकेला जागा नव्हती. कापलं ते कापलं.

पंचेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, "साखर दारात येऊन उभी आहे. आत घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा." कातरताईने ठरवलं. रोज चालायला लागली, चहाबरोबरची बिस्किटं बंद केली आणि वर्षभरात चौदा किलो उतरवले. मग डब्याच्या सुट्टीत शिवणाऱ्या बायका तिला गराडा घालायला लागल्या. "अगं, तू केलंस तरी काय?" सांगता सांगता तिलाच वाटलं, हे आपल्याला जमतंय की! सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम केला, आरोग्य आणि आहार मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र आलं आणि पुढच्या आठवड्यात तिने राजीनामा दिला.

नवरा बस दुरुस्त करणारा. त्याच्या डोक्यात काही शिरेना.

"म्हणजे तू लोकांना उपाशी ठेवणार?"

"नाही रे, खायला शिकवणार."

"खायला शिकवावं लागतं?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "मला तर कुणीच शिकवलं नाही. बघ, किती छान जमतं!"

बाहेरच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि वजनकाटा मांडून ती बसली. तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. चौथ्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या मोठ्या बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहणाऱ्या, गुडघ्यांनी हैराण.

अभ्यासक्रमात एक गोष्ट घोटून घेतली होती: हुकूम सोडायचा नाही, समोरच्याला विचारायचं. म्हणून कातरताईने घसा साफ करून विचारलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं, कुठून सुरुवात करावी?"

"ते मला कळलं असतं तर या गुडघ्यांनी दोन जिने उतरून आले असते का?"

कातरताई गडबडली. शेवटी एवढंच ठरलं की बाई जे खातील ते त्यांनी वहीत लिहायचं आणि दर मंगळवारी यायचं.

बाईंचं वजन उतरायला लागलं. पहिल्या महिन्यात तीन किलो, दुसऱ्यात पाच. बाई खूश, सोसायटीभर कातरताईचा बोलबाला. पाच नव्या बायका चौकशी करून गेल्या. अभ्यासक्रमाच्या शिक्षकांचा फोन आला, "तुमच्या बाईंचे आधीचे आणि आताचे फोटो पाठवा, आपण सगळ्यांना दाखवू."

पण वही काही वेगळंच सांगत होती. बाई मुलखाच्या प्रामाणिक. 'चार बिस्किटं' असं लिहून, खाडाखोड करून, 'पाच' केलेलं. भात पूर्वीइतकाच, साखरेचा चहा तीनदा, चालणं शून्य. मग आठ किलो गेले कुठे? कातरताईने वही पुढून वाचली, मागून वाचली. आपला गुण येतोय म्हणावं, तर आपण काही केलेलंच नाही!

पुढच्या मंगळवारी बाई खुर्चीत बसल्या त्याच दमून. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. बोलता बोलता त्यांनी दोन पेले पाणी संपवलं आणि तिसरा मागितला.

"बाई, अशी तहान रोजच लागते?"

"लागते. रात्री चारदा उठावंही लागतं. तूच म्हणालीस ना, पाणी भरपूर प्या."

कातरताईला आठवेना, आपण असं कधी म्हणालो. विचारायचं की सांगायचं, हा प्रश्न मात्र त्या क्षणी निकालात निघाला. ती उठली. "चला, डॉक्टरांकडे. आत्ता. चप्पल घाला."

साखर इतकी वर गेलेली निघाली की डॉक्टरीणबाईंनी त्यांना दवाखान्यात ठेवूनच घेतलं. संध्याकाळी बाईंचा मुलगा आला तो तणतणत. "तुमच्या त्या डाएटपायी आईची ही दशा झाली!"

"अहो, मी कसलं डाएट दिलंच नव्हतं."

"मग दोन महिने करत काय होतात?"

वेळेवर आणलं म्हणून डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली, मुलाने दोष दिला, आणि तिला दोन्हीही थोडं थोडं पटत होतं. पहिल्याच महिन्यात तहानेचं का विचारलं नाही? कौतुकाने डोळ्यांवर पट्टी बांधली होती का? तिने फोटो पाठवले नाहीत. शिक्षकांना कारण सांगायला गेली, तर तेही नीट सांगता येईना.

नव्या पाच बायकांपैकी चौघींनी पाठ फिरवली. त्याच सुमारास कारखान्याच्या मालकीणबाईंचा निरोप आला, तुझ्या जागी घेतलेला नवा माणूस बाह्या तिरक्या कापतोय, सकाळपुरती ये. ती गेली. यंत्राची मूठ हातात आल्यावर तिला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याचा रागही आला.

"हरलीस का?" नवऱ्याने विचारलं. चिडवायला नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून.

"मलाही कळत नाही. जिंकले असते तरी कळलं नसतं."

दीड महिन्याने, एका मंगळवारी दुपारी, दार वाजलं. मोठ्या बाई. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू होतं, गालांवर तजेला आला होता. त्या थेट काट्यावर चढल्या. चार किलो वाढले होते.

"हे चांगलं की वाईट?"

"सध्या चांगलं, बाई. औषध लागू पडतंय. पण पुढे किती वाढू द्यायचं, ते डॉक्टरांना विचारूया. मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणतेस, म्हणून तर आले." बाई खुर्चीत टेकल्या. "मुलगा म्हणतो, जाऊ नकोस. त्याला सगळंच माहीत असतं."

कातरताईला हसावं की काय करावं ते सुचेना. ती स्वयंपाकघरात गेली, दोन कप बिनसाखरेचा चहा घेऊन आली आणि विचारलं, "आज सकाळपासून काय काय खाल्लंत?"