जमिनीखालून आलेला वास

वसुधाताई गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी मेट्रोत होतो. "काका, आई सकाळी गेली," एवढंच ती बोलली. त्याला आता पाच आठवडे झाले. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आयुष्य काढलेल्या, भूजलाचा अभ्यास करणाऱ्या ताई माझ्या पहिल्या साहेब. दिवसभरात चार वाक्यं मराठी कानावर पडावीत म्हणून मला जीपमध्ये शेजारी बसवायच्या.

त्यांच्याबरोबरचं एकच काम सांगतो. गुरुग्रामच्या कडेला, टॉवर्सच्या मागे उरलेल्या एका गावातून तक्रार आली होती. बोअरचं पाणी नितळ, पण जिभेवर कडवट आणि वासाला स्पिरिटसारखं. आसपास ना कारखाना, ना गॅरेज. ग्लास नाकाशी धरून ताई म्हणाल्या, "पेट्रोलमध्ये मिसळतात ना, ते रसायन आहे हे. पेट्रोल बरंचसं मातीत अडकून बसतं. हे पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर चालत राहतं, यार... वर्षानुवर्षं."

ते पाणी जिकडून येत होतं तिकडे आम्ही उलटे निघालो, बोअरमागून बोअर. वास वाढत गेला आणि बाभळींच्या एका ओसाड तुकड्यावर येऊन थांबलो. तिथे काहीच नव्हतं. ताईंनी टाच आपटली, तर जमीन पोकळ वाजली. तिथला पेट्रोल पंप कधीच पाडला होता, गळक्या टाक्या मात्र खालीच राहिल्या होत्या.

सगळ्यात जास्त वास शांतीदेवी नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या बोअरला होता, आणि त्या तो बंद करू देईनात. त्यांचा मुलगा त्याच पंपावर कामाला होता. कामावरून घरी येताना रस्त्यावर अपघातात गेला. "उसके कपड़ों से यही गंध आती थी," त्या म्हणाल्या. "इतने बरस लगे उसे घर आने में." आणि आमच्यासमोर त्यांनी ग्लास तोंडाला लावला. ताईंनी त्यांच्या हातातून ग्लास काढून घेतला, शेजारी खाटेवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अम्मा, पीना बंद कर दो. पास बैठने से मैं मना नहीं करूँगी."

मग काम सुरू झालं. टाक्या उपसून काढल्या, खालची माती खणून नेली, उरलेल्या मातीतून पंपाने हवा ओढली, पाणी उपसून कोळशाच्या गाळण्यांतून सोडलं. उपशासाठी ताईंनी मुद्दाम शांतीदेवींचाच बोअर निवडला. पिण्याला टँकर यायचा. त्या रोज सकाळी बोअरशेजारी येऊन बसायच्या, कुणाशी तरी हळू आवाजात बोलत. ताई म्हणायच्या, "बोलू दे."

कैक वर्षांनी एकदाचा लॅबचा रिपोर्ट स्वच्छ आला. ताई ऑफिसला न जाता मला घेऊन थेट गावात गेल्या. आम्ही दारात पोचतो न पोचतो तोच शांतीदेवी म्हणाल्या, "सोमवार से नहीं आया." ताईंनी हातातला कागद पाहिला. पाण्याचा नमुना सोमवारीच घेतलेला होता... परतताना त्यांनी मला विचारलं, "आपण चांगलंच काम केलं ना रे?" मी म्हटलं, "बिल्कुल, ताई."

ताई गेल्याचं शांतीदेवींना कळवायला हवं, म्हणून गेल्या रविवारी मी गावात गेलो. त्या आता फार थकल्यात. ओसरीत एक वेताची खुर्ची होती आणि खुर्चीजवळ स्टुलावर भरलेला चहाचा कप. त्यांच्या बोलण्यातून तेव्हा मला कळलं की निवृत्तीनंतर ताई दर रविवारी बस बदलत तिथे यायच्या, तासभर बसायच्या. मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी कशीबशी बातमी सांगितली.

"पता है," शांतीदेवी म्हणाल्या. "बिटिया ने फ़ोन किया था."

मी स्टुलावरच्या कपाकडे पाहिलं. चहा वाफाळत होता.

"इतवार को तो आती है," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी दुसरा कप आणायला आत गेल्या. मी खुर्चीकडे वळलो, तर आतूनच आवाज आला, "वहाँ नहीं, बेटा."

चहा मी उभ्यानेच प्यायलो.