मिस्त्रींची पाचर

शहराच्या ऐन मध्यात, चार रस्ते मिळतात तिथे एक दगडी इमारत आहे. मुळात तो मासळीबाजार. तो उठला नि कोर्ट आलं. कोर्टाचं लाकूडकाम करायला एक बावीस वर्षांचा सुतार आला, तो कायमचाच; सगळे त्याला मिस्त्री म्हणू लागले. कोर्ट गेलं, टेलिफोन कचेरी आली, तीही गेली. दर वेळी जुनं सामान बाहेर नि नवं आत. मिस्त्री मात्र दाराच्या कडीसारखे जागच्या जागी.

त्यांना कुणी जाऊ देईना, याचं कारण फरशी. बाजारात रोज घागरीनं पाणी ओतून धुवायला सोयीची म्हणून ती दारापासून मागच्या भिंतीकडे उतरती केलेली. मासळी गेली, उतार राहिला. कुठलंही टेबल ठेवा, डुगडुगणारच. मग हाक यायची, "मिस्त्री!" मिस्त्री गुडघे टेकायचे, एक डोळा मिटायचे, खिशातली पाचर पायाखाली सरकवायचे. पट्टी नाही, मोजमाप नाही. वर काठोकाठ भरलेला पेला ठेवायचे. पाणी सांडलं नाही की काम झालं.

एकदा एक वकील तावातावाने टेबलावर हात आपटून म्हणाले, "महाराज, न्याय एका बाजूला झुकतोय!"

"न्याय नाही, टेबल झुकतंय," न्यायाधीश म्हणाले. "मिस्त्रींना बोलवा."

पाचरांनी खिसे फाटायचे. ते शिवताना बायको म्हणायची, "अहो, जगाची टेबलं टेकवता, नि आपला पलंग वीस वर्षं डुलतोय!"

"त्यानं झोप छान लागते," मिस्त्रींचं ठरलेलं उत्तर.

इमारतीला दुखणं एकच. मागची भिंत ओल धरायची. कोर्टाचे कागद बुरसले, टेलिफोनच्या तारा गंजल्या. रंगाचे थरावर थर चढले, पोपडे सुटायचे ते सुटतच राहिले.

मग तिथे वाचनालय करायचं ठरलं. इंजिनिअर बाई आल्या, उत्साही, बोलायला मोकळ्या. "मिस्त्रीकाका, सोमवारी काँक्रीट ओतून फरशी सपाट करतोय. मागच्या भिंतीला छतापर्यंत पुस्तकं. तुमच्या पाचरा आता रिटायर!"

सगळे हसले. मिस्त्री मागच्या भिंतीशी तेवढा राहून गेलेल्या, न्यायाधीशांच्या जुन्या लाकडी चौथऱ्याकडे बघत राहिले.

घरी ते जेवायला बसले. शेवटी बायकोला म्हणाले, "तो चौथरा मी बसवला. त्याच्याखाली बाजाराच्या पाण्याचं गटार होतं. फळी बसेना, म्हणून गटाराच्या तोंडात पाचर ठोकली. म्हटलं, मासळी गेली, आता कुठलं पाणी? छताचं पाणीही भिंतीतल्या नळातून तिथेच उतरतं, हे फार उशिरा कळलं."

"म्हणजे ती ओल..."

"माझीच. सांगितलं तर चाळीस वर्षांचं नाव जाईल. नाही सांगितलं तर त्यावर काँक्रीट पडेल नि सगळी पुस्तकं जातील."

बायकोनं पोळी वाढली. "दुसऱ्याचं टेबल हललं तर तुम्हाला चैन पडत नाही. आता स्वतःच डुगडुगताय. तुम्हीच बघा, कुठे पाचर लावायची ती."

सकाळी मिस्त्रींनी सगळ्यांना दालनात बोलावलं नि दारातच बादली उपडी केली. पाणी सळसळत निघालं ते थेट चौथऱ्याखाली शिरलं.

"बघा, पाणी आपलं घर विसरलेलं नाही," ते म्हणाले. "त्या घराला कुलूप मी लावलं. चौथरा उचला."

चार मजुरांनी तो उचलला. खाली काळं, चिखलानं माखलेलं तोंड आणि त्यात सागाची पाचर, एका कोपऱ्यावर मिस्त्रींची तिरकी खूण. त्यांनी हातोडीनं ती सैल केली, ओढली. घळघळ घळघळ, चाळीस वर्षं तुंबलेलं पाणी खाली गेलं.

बाईंनी ती पाचर हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "काका, हे कुणाला कधी कळलं नसतं."

"भिंतीला कळत होतं की."

पाण्याची वाट मोकळी राहावी म्हणून काँक्रीट रद्द झालं. गटार साफ झालं, नळ दुरुस्त झाला, नि भिंत हळूहळू कोरडी पडली. "पण फरशी उतरतीच राहिली," बाई म्हणाल्या. "साठ कपाटं सरळ उभी कोण करणार?"

मिस्त्रींनी खिसा चाचपला नि गुडघे टेकले. कपाटामागून कपाट, प्रत्येकावर तोच पेला. थेंब सांडला नाही.

ती काळी पाचर त्यांनी धुऊन घरी नेली आणि पलंगाच्या पायाखाली सरकवली. पलंग दगडासारखा स्थिर झाला.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, काढा ती. झोपच लागत नाहीये."