व्याह्यांची पँट आणि संपलेली वॉरंटी

आमचं वॉशिंग मशीन वॉरंटी संपल्याच्या पुढच्याच आठवड्यात बंद पडलं, यात मशीनची काहीच चूक नाही. ते वेळेवरच बंद पडलं. चूक एवढीच झाली, की त्या वेळी आत माझ्या होणाऱ्या व्याह्यांची पँट होती आणि व्याही बाहेर होते.

झालं असं. आमच्या मानसीने ऑफिसमधल्या सुजितशी लग्न करायचं ठरवलं. मुलगा चांगला, टिटवाळ्याला नवीन बिल्डिंगमध्ये स्वतःचा फ्लॅट. आईवडील कराडजवळच्या गावी. मोठ्यांनी एकदा बसून बोलून घ्यावं म्हणून ते दोघं टिटवाळ्याला आले आणि एका रविवारी गाडी घेऊन आमच्याकडे ठाकुर्लीला जेवायला आले. सुजितला नेमकं कंपनीने पुण्याला पाठवलेलं. (आमच्या वेळी मुलाशिवाय बैठक व्हायची तेव्हा मुलाला कोणी विचारत नसे. आता त्याला सुट्टी मिळत नाही. परिणाम एकच.)

व्याही रघुनाथराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. सहा फूट उंची, त्याच मापाचं पोट, मिशा अशा की त्यांच्यासमोर मीसुद्धा नकळत हात मागे बांधून उभा राहिलो. क्रीम रंगाची कडक इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट. विहीणबाई शालिनीताई मात्र बोलक्या. आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोशी, नीलिमाशी, वांग्याच्या भावावर बोलू लागल्या.

मी रघुनाथरावांना इंप्रेस करायला बसलो. मला हातवारे करत बोलायची सवय आहे. "आमची मानसी म्हणजे अगदी स्वतंत्र," असं म्हणताना मी उजवा हात जो स्वतंत्र केला, तो त्यांच्या हातातल्या कोकम सरबताच्या ग्लासला लागला. ग्लास मांडीवर. क्रीम रंगाच्या पँटवर, नको त्या जागी, लालभडक डाग.

"असू द्या हो, सावंतसाहेब," ते म्हणाले. "रुमालाने पुसतो."

"छे छे, पुसून काय जातंय? काढा तुम्ही. मशीनमध्ये टाकतो. पाऊण तासात धुऊन वाळून परत."

नीलिमा धावत बाहेर आली. "अहो, मी हाताने धुते ना. मशीन परवापासून आवाज करतंय."

"मग मशीन घेतलंय कशाला?" मी म्हणालो. आलेल्या पाहुण्यांसमोर बायकोचं ऐकलं तर इंप्रेशन कसं पडणार?

आता त्यांना घालायला काय द्यायचं हा प्रश्न आला. माझी पँट त्यांच्या एका पायाला झाली असती. लुंगी मी नेसत नाही. शेवटी इलॅस्टिकवाला एकच कपडा घरात निघाला, ऑफिसच्या ग्रुपबरोबर गोव्याला गेलेलो तेव्हा घेतलेली बर्म्युडा. पिवळी. तिच्यावर हिरवे पोपट. गोव्यातही मी ती रूमच्या बाहेर घालून गेलेलो नव्हतो.

रघुनाथराव बाथरूममध्ये गेले. दार किलकिलं करून त्यांनी पँट माझ्या हातात दिली. मग ते बाहेर आले, सोफ्यावर बसले आणि मांडीवर उशी घेतली. मानसी बाहेर येणार होती, ती वळून तशीच आत गेली. तिचे खांदे हलताना मला दिसले. मला वाटलं, बिचारी रडतेय.

मशीन सुरू झालं. समोरून गोल काचेचं दार असलेलं मॉडेल, आत काय चाललंय ते दिसतं. मी अभिमानाने बघत होतो. काही मिनिटं पँट छान गरगरली. मग मशीनने एक उचकी दिली, काच अर्धी पाण्याने भरलेली असताना थांबलं, आणि डिस्प्लेवर इंग्रजी ई आणि पुढे एक आकडा लुकलुकायला लागला. मी दार ओढलं. लॉक. बंद करून चालू केलं. लॉक. थोडा वेळ दारावर थोपटलं, मुलाला झोपवतात तसं. लॉकच.

मशीनने परत उचकी दिली, ड्रम जरासा हलला, आणि आत काचेवर काहीतरी टक्क करून आपटलं. त्याच क्षणी खाली एक गाडी वाजली.

रघुनाथरावांनी उशीसकट मान वर केली. "किल्ली," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "सगळ्याच किल्ल्या."

त्या एकाच जुडग्यात गाडीची रिमोटवाली किल्ली होती आणि टिटवाळ्याच्या फ्लॅटचीही. वर्षानुवर्षं पोरांना रांगेत उभं करून खिसे उलटे करायला लावणारा हा माणूस स्वतःचा खिसा विसरला होता. मी तसं बोललो नाही. पण ते त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण ते म्हणाले, "तुम्ही घाई केलीत."

मी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा, म्हणून दोन दाबलं. बासरी वाजली. माझा कॉल त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते बाई मधूनमधून सांगत होती. बऱ्याच बासरीनंतर एक मॅडम आल्या, त्या हिंदीत.

"सर, आपकी वॉरंटी तो एक्सपायर हो चुकी है."

"मालूम है. पण मॅडम, अंदर आदमी का पँट है."

"सर, आदमी अंदर है?" मॅडम एकदम घाबरल्या.

"नाही हो, आदमी बाहर है. सोफे पे बैठा है. पँट अंदर है."

"सर," आता त्या पुन्हा शांत झाल्या, "कपडे तो मशीन के अंदर ही होते हैं."

मी तक्रार नोंदवली. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. वॉरंटी चालू असताना याच मशीनचा पाइप गळायला लागलेला, तेव्हा यांचा माणूस यायला आठवडा लागला होता आणि आल्यावर "पाण्याचा प्रॉब्लेम आहे" म्हणून निघून गेला होता. वॉरंटी संपलेली आहे हे कळल्यावर मात्र तो जेवणं उरकायच्या आत दारात हजर. शर्ट इन केलेला, गळ्यात आयकार्ड, हातात टॅब. गिऱ्हाइकाची खरी किंमत कंपनीला वॉरंटी संपल्यावरच कळते.

त्याने आधी व्हिजिट चार्जची पावती फाडली. मग मशीनकडे बघितलं, मग सोफ्याकडे.

"हे कोण?"

"ते पँटचे मालक," मी म्हणालो.

त्याने मशीनचा फोटो काढला. बर्म्युडाचा काढला की नाही ते कळलं नाही. मागचं झाकण उघडून आत बॅटरी मारली आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं.

"काका, बोर्ड गेलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे मेंदू. दाराचं लॉक पण त्याच्यावरच चालतं. पार्ट मागवावा लागेल."

"किती दिवस?"

"पार्ट असला तर लगेच. नसला तर आला की."

मग त्याने टॅबवर खर्चाचा आकडा दाखवला. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तोच होता. मशीनच्या निम्म्या किमतीपेक्षा जेमतेम थोडा कमी.

"त्यापेक्षा नवीनच घ्या ना, काका," तो आपुलकीने म्हणाला. "एक्स्चेंज ऑफर चालू आहे. हे आम्ही घेऊन जातो."

"आतल्या पँटसकट?"

"आतलं सामान कस्टमरने आधी काढून ठेवायचं असतं."

"अरे, पण दार उघडत नाही म्हणूनच तुला बोलावलंय ना."

"तोडलं तर उघडेल. पण मग तो कस्टमर डॅमेज होतो. कंपनी जबाबदार नाही." मग काहीतरी आठवल्यासारखं करून, "तुम्ही एएमसी, म्हणजे वर्षाचं मेंटेनन्स, का नाही घेत? वर्षभर टेन्शन नाही."

"बंद मशीनची?"

"चालू झालं की लागू होईल."

एवढ्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी मोकाशी, सहकुटुंब, नटूनथटून. त्यांना अंबरनाथला रिसेप्शनला जायचं होतं आणि त्यांच्या गाडीमागे एक अनोळखी गाडी लागलेली होती.

"सावंत, ती गाडी तुमच्याकडच्या पाहुण्यांची का? मघापासून आपोआप वाजतेय. उघडते, बंद होते, परत वाजते. वॉचमन तिच्या जवळ जायला तयार नाही."

त्यांना उत्तर द्यायचं सोडून मी मशीनकडे बोट दाखवलं. मशीनने उचकी दिली, किल्ली काचेवर आपटली, खाली गाडी वाजली. मोकाशींनी मशीनकडे बघितलं. मग सोफ्यावरच्या पोपटांकडे. मिसेस मोकाशी नवऱ्याच्या खांद्यावरून बघत होत्या, म्हणजे सगळ्या विंगला कळल्यातच जमा होतं.

"गाडी काढायची तर किल्ली हवी," रघुनाथराव भारदस्त आवाजात म्हणाले. "किल्ली हवी तर पँट हवी." वर्गात गणित समजावतात तसं. फक्त फळ्याऐवजी मांडीवर उशी होती.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याच घरात, माझ्याच मशीनपुढे माझी अब्रू जात होती. मी माळ्यावरून हातोडी आणि मोठा पाना काढला.

"बाबा, आधी पाणी काढूया," मानसी म्हणाली. "खाली बादली—"

"तू थांब. मला करू दे."

टेक्निशियन लगबगीने दोन पावलं मागे गेला आणि टॅब समोर धरून शूटिंग करायला लागला. "कस्टमर स्वतः तोडतायत," तो टॅबला सांगत होता.

मी पाना फटीत घातला आणि हातोडीचा दणका दिला. पहिल्या दणक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला हँडल माझ्या हातात आलं. तिसऱ्याला दार उघडलं. आणि मग साबणाचं पाणी, पँट, किल्ल्या आणि आणखी एक लाल काहीतरी, असं सगळं एकदम माझ्या अंगावरून हॉलमध्ये गेलं. मोकाशींचे रिसेप्शनचे बूट, गालिचा, टीपॉयखालचे जुने पेपर, कोणालाही त्याने सोडलं नाही. मिसेस मोकाशी पैठणी गुडघ्यापर्यंत उचलून सोफ्यावर चढल्या. तिथे आधीच रघुनाथराव होते.

ते लाल काहीतरी म्हणजे मानसीची नवी बांधणीची ओढणी. तिने सकाळी वेगळी धुवायला म्हणून मशीनमध्ये टाकून ठेवलेली. पँट टाकताना मी आत बघितलंच नव्हतं. नीलिमाने दोन बोटांनी पँट उचलली. कोकमाचा डाग पूर्ण गेला होता. म्हणजे आता तो वेगळा दिसत नव्हता. अख्खी पँटच गुलाबी झाली होती.

लग्न मोडलं, असं मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. माझी मुलगी, तिचा सुजित, टिटवाळ्याचा फ्लॅट, सगळं माझ्या डोळ्यांसमोर बाथरूमच्या जाळीकडे वाहत चाललेलं. मी घाईने पुसायला वाकलो तर पाय घसरून पाण्यात बसलो.

"बाबा, बाजूला व्हा," मानसी म्हणाली.

"अगं, मी पुसतो—"

"नाही. तुम्ही खुर्चीवर जाऊन बसा. हातोडी खाली ठेवा. आई, जुन्या चादरी आण. मोकाशी काका, किल्ली उचला, पुसा आणि पंख्याखाली धरा. आणि तुम्ही," ती टेक्निशियनकडे वळली, "शूटिंग बंद करा आणि मशीनचा पाण्याचा नळ बंद करा. व्हिजिट चार्ज घेतलाय ना?"

त्याने नळ बंद केला. मोकाशी किल्ली घेऊन पंख्याखाली उभे राहिले. मी खुर्चीवर जाऊन बसलो. घरातल्या इतक्या माणसांनी एकाच वेळी एकाच माणसाचं ऐकलेलं मी प्रथमच बघत होतो, आणि तो माणूस मी नव्हतो.

शालिनीताई स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होत्या. पदर खोचून त्या मानसीच्या शेजारी पुसायला बसल्या आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, आता काय बोलायचं राहिलंय? हीच पोरगी. आपल्या घरात हिच्यासारखं बोलणारं कुणीतरी पाहिजेच होतं."

रघुनाथराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "माझी काही हरकत नाही. फक्त लग्नात वधूपित्याकडे सरबताची व्यवस्था देऊ नका."

किल्ली वाळली आणि नशिबाने चालली. मोकाशींची गाडी बाहेर पडली. निघताना नीलिमाने रघुनाथरावांपुढे पिळून इस्त्री फिरवलेली पँट धरली. त्यांनी त्या गुलाबी पँटकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या पोपटांकडे पाहिलं, आणि पोपटांसकट ताठ मानेने जिना उतरून गेले. संध्याकाळी मला कंपनीचा मेसेज आला. आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया आम्हाला पाचपैकी किती स्टार द्याल?

लग्न कराडला थाटात झालं. तिकडच्या पाहुण्यांशी ओळख करून देताना रघुनाथराव सभ्यपणे "हे सावंतसाहेब" एवढंच म्हणत, पण पाहुणे हात जोडता जोडता माझ्यापासून हातभर मागे सरकत. आहेरात त्यांनी मला पँटचं कापड दिलं. क्रीम रंगाचं, उंची. मी ते डोंबिवलीला चांगल्या टेलरकडून शिवून घेतलं आणि आता प्रत्येक समारंभाला तीच पँट घालतो. नीलिमा म्हणते, अहो, नवीन मशीन घेतलंय, टाका ना ती एकदा धुवायला. पण माझी अजून हिंमत होत नाही. हल्ली लग्नाकार्यात माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या कायम रिकाम्या असतात, त्या मी मानाच्या समजतो.