अखाजीची भरलेली घागर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. असोद्याला सासऱ्यांच्या घरी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी घागरीत जी दारू निघाली, ती एकट्या सासऱ्यांची नव्हती. अर्धी माझी होती. आणि ती घागर तिथं ठेवली होती मीच.

सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणे. लढाईच्या काळात ते फौजेत होते आणि काही महिने त्यांची छावणी सायप्रस नावाच्या बेटावर होती. लढाईबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत, पण त्या बेटावरच्या वाइनचा विषय निघाला की थांबायचे नाहीत. तिथल्या बाया द्राक्षं तोडून उन्हात पसरतात, सुरकुतली की तुडवतात आणि रस मातीच्या रांजणात भरतात.

"मधावानी गोड, मास्तर. उन्हाचीच दारू म्हना. आन् ऊन आपल्याकडे काय कमी हाये?"

मास्तर म्हणजे मी. साक्रीकडच्या एका डोंगरी गावात शाळेवर होतो. राज्यात दारूबंदी नवी होती आणि बाजाराच्या दिवशी झाडाखाली उभं राहून मी तिच्यावर भाषण देत असे. ऐकणाऱ्यांत एक भिल्ल म्हातारे असत. मी त्यांना आबा म्हणायचो. एकदा भाषण संपल्यावर ते जवळ येऊन म्हणाले, "बोली बोली घसा कोरडा पडना व्हई तुना. चाल."

त्यांच्या झोपडीत मोहाची फुलं भिजत घातलेली होती, गाळलेली दारूही होती. माझ्या हातात देण्याआधी त्यांनी चार थेंब जमिनीवर सोडले. "पहिलं वाडवडीलस्ले, मंग तुले." त्यानंतर वर्षभर माझी भाषणं जरा आटोपशीर होऊ लागली.

हे मी नानांना सांगितलं, इथंच चुकलो. त्यांचे डोळे चमकले. "फुलाची व्हते, तं केळाची काबरं नाही व्हनार? सुट्टीत येताना आबांकडचं इरजन आना."

विरजण म्हणजे मोहाच्या हंडीचा गाळ. तो मी औषधाच्या बाटलीत भरला, वर 'खोकल्यासाठी' अशी चिठ्ठी डकवली. मोटारीत शेजारच्या गृहस्थांना नेमका खोकला. धुळ्यापर्यंत ते चमचाभर मागत राहिले आणि मी "फार कडू आहे हो" म्हणत बाटली मांडीखाली दाबून बसलो.

दिल्लीला जाणाऱ्या रेल्वेच्या वॅगनींत न गेलेली मळ्यातली केळी नानांच्या घरात नेहमीच पिकत पडलेली असायची. आम्ही त्यांच्या चकत्या घराच्या मातीच्या धाब्यावर वाळत घातल्या. बायकोनं विचारलं, "सुकेळी करताय?" मी हो म्हणालो. मग गुळाचं पाणी, आबांचं विरजण, कोरी घागर. पहिली खेप म्हशीपुढंही ठेवण्यासारखी नव्हती. दुसरी मात्र फिकट सोनेरी उतरली, आंबटगोड, मागाहून घशाला हलकी ऊब देणारी. नानांनी डोळे मिटून घोट घेतला. "बेट आठवलं," एवढंच म्हणाले. वासाची भीती नव्हती. त्या घराला बारा महिने पिकल्या केळाचाच वास.

अखाजीच्या आदल्या दिवशी कुणीतरी म्हणालं, दारूबंदीचे शिपाई गावात हिंडताहेत. नाना मळ्यात होते. माझी गाळण उडाली. कुंभारानं सणाच्या कोऱ्या घागरी सकाळीच आणून ओळीनं मांडल्या होत्या. आमची घागर मी त्या ओळीत सरकवली आणि वर झाकण ठेवलं. घागरींत घागर कोण शोधणार?

शिपाई आलेच नाहीत.

अखाजीला पितरांची घागर पाण्यानं भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, पूजा करतात. नानांच्या चार घरांच्या भावकीत ती घागर भरायचा मान थोरले म्हणून नानांचा. त्या दिवशी त्यांना मळ्यातून यायला उशीर झाला आणि चुलतसासूबाईंना ओळीतली एक घागर भरलेलीच दिसली. "जावयानंच भरून ठेवली वं! गुनाचा हाये." तिच्यावर डांगर चढलं, पूजा झाली. मग त्या घरच्या रिवाजाप्रमाणे त्याच घागरीतल्या पाण्याचं कैरीचं पन्हं झालं. मी आंघोळ करून येईपर्यंत पेले फिरत होते.

नानांचे धाकटे भाऊ माळकरी. त्यांनी तिसरा पेला चुलतसासूबाईंपुढं केला. "वयनी, अवंदा वेलदोडा चांगला पडला." थोड्या वेळानं बांधावरून अबोला धरलेल्या चुलतभावाच्या गळ्यात पडून ते रडले. चुलतसासूबाई पोरींच्या झोक्यावर चढल्या आणि उतरेनात. "अजून उच्चा दे गं!"

मग घागरीच्या तळातून केळाच्या चकत्या निघाल्या. धाकट्यांनी हुंगलं आणि रडणं थांबवलं. "कोनं केलं हे?"

नाना नुकतेच दारात आले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी डांगराकडे पाहत होतो.

"म्या केलं," नाना म्हणाले. "साक्रीकडचे पितर पेतात म्हने. आपलेच काबरं उपाशी?"

झोक्यावरच्या चुलतसासूबाई तेवढ्या हसल्या.

भाऊबंदांनी ठरवलं, दारूचा हात पितरांच्या घागरीला लागायचा नाही. पुढच्या अखाजीपासून धाकटे घागर भरू लागले आणि नाना बाहेर ओट्यावर बसून पोरांना डांगर कापून देऊ लागले. माझी बायको त्यांना म्हणाली, "नाना, जावयासमोर माझी मान खाली घातलीत." ते म्हणाले, "चुकलं, बाई." मी तिथंच उभा होतो.

मोटारीवर पोचवायला आले तेव्हा मी काहीतरी बोलू लागलो. त्यांनी हात वर केला. "तुमची नोकरी गेली असती, मास्तर. मंग मह्या पोरीनं काय खाल्लं असतं? तिले सांगू नका." आणि खिशातून बाटली काढून दिली. चिठ्ठी तशीच होती, खोकल्यासाठी. "आबांले द्या. म्हना, असोद्याचं इरजन."

आबांनी चार थेंब सोडून चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि उरलेलं सगळं संपवलं.

नाना गेले. मरेपर्यंत त्यांनी पुन्हा घागर भरली नाही.

ती चार घरं अजून असोद्यात आहेत. अखाजीला त्यांच्यासमोर उभं राहून 'घागर मी ठेवली होती' एवढं सांगायचं देणं मी लागतो. त्याआधी बायकोला.